खर्ज लावणार कोण?

आमच्या रेवदंड्याच्या महिला भजनी मंडळाची एक जुनी अडचण होती. पेटी मी वाजवते, टाळ सगळ्यांनाच येतात, गळे चांगले आहेत, पण पखवाजाला बाई नव्हती. इतकी वर्षं मागच्या आळीतले काका यायचे, पुरुष मंडळाचं झालं की आमच्याकडे, कधी कंटाळा नाही केला त्यांनी. ते वारले आणि आम्ही चौदाजणी नुसत्या टाळांवर भजन करायला लागलो. कसं वाटायचं सांगू, घराला जोतं नसल्यासारखं. भिंती आहेत, कौलं आहेत, सगळं आहे, पण उभं कशावर आहे तेच कळत नाही.

मग माझी भाची पनवेलची नोकरी सोडून घरी आली नि म्हणाली, "आत्या, मी शिकते पखवाज." घरात सगळ्यांना वाटलं चार दिवसांचं वेड आहे. पण पोरगी बसली शिकायला. डाव्या बाजूला, धुमेवर, कणीक लावायची असते, ती किती घट्ट मळायची हेच शिकायला तिला महिना गेला. सैल झाली की थापेबरोबर उडते आणि साडीवर येते, घट्ट झाली की आवाज बसतो, आणि इथल्या पावसाळी हवेत तर सकाळचं माप संध्याकाळी चालत नाही. कणीक नीट बसली की मग तो 'धूं' येतो, पोटात जाणवणारा, आणि तो आला की वर गाणारीचा गळा आपोआप मोकळा होतो. हे मी पेटीवर बसून रोज बघत होते.

आणि नेमकं त्याच दिवसांत कोर्लईच्या माझ्या मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली. ती आणि मी एकाच शाळेत शिकवायचो, ती त्यांच्या चर्चच्या क्वायरमध्ये गाते. (रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई, तिथली ख्रिश्चन मंडळी घरात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, 'नौ लिंग' म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा.) खाली लिहिलं होतं, "ऐक गं, मिलानच्या एका ननने रचलेलं आहे, १६५० चं. आठ आवाज आहेत." मी हेडफोन लावून ऐकलं आणि रात्रभर झोप नाही लागली. गाणं सुंदर होतंच, पण मला छळत होती वेगळीच गोष्ट. आठ आवाज म्हणजे एकाच वेळी गायच्या आठ वेगवेगळ्या ओळी, त्यात खालचे पुरुषी आवाज पण आले. आणि हे रचलंय बायकांच्या मठात, जिथे पुरुषाला पाऊल टाकायची बंदी. मग खर्ज लावला कोणी?

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला फोन केला, ती म्हणाली, "तेच तर! मला पण तेच विचारायचं होतं तुला, तुझं पण बायकांचंच मंडळ ना." तेव्हापासून आम्ही दोघी मिळेल ते वाचतोय, ऐकतोय.

रचणारीचं नाव किआरा मार्गारीता कोत्सोलानी. १६०२ चा जन्म, १६२० मध्ये बेनेडिक्टाईन संघाची नन झाली, मिलानच्या कॅथेड्रलच्या अगदी शेजारच्या सांता रादेगोंदा मठात. १६४० ते १६५० मध्ये तिची संगीताची चार पुस्तकं छापली गेली. मुळात एवढ्या गाणाऱ्या बायका मठात आल्या कुठून? उत्तर आपल्याला लगेच समजण्यासारखं आहे, हुंडा. त्या काळी इटलीतल्या मोठ्या घरांत मुलीच्या लग्नाचा हुंडा इतका वाढला होता की चार मुली असल्या तर एकीदोघींचं लग्न करायचं आणि बाकीच्या मठात पाठवायच्या, असंच चालायचं. मठातही हुंडा लागायचा, पण लग्नापेक्षा कितीतरी कमी. आणि मुलगी चांगली गाणारी किंवा ऑर्गन वाजवणारी असेल तर मठ त्यातही सूट द्यायचे, कधी पूर्ण माफ सुद्धा करायचे. त्यामुळे मध्यम परिस्थितीतले बाप मुलीला लहानपणापासून गाणं शिकवायचे, म्हणजे पुढे तिची सोय होईल. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचं 'मुलीला पेटी येते' हे स्थळ दाखवताना सांगायचं वाक्य आठवलं. माझ्या आईने माझ्या बाबतीत सांगितलं होतं.

आता मठाच्या भिंतीचं. त्रेंत गावी १५४५ ते १५६३ अशी मोठी धर्मपरिषद झाली, मार्टिन ल्यूथरनंतर कॅथलिक चर्चने आपलं घर सावरायला घेतलं ती. तिच्या अगदी शेवटच्या बैठकीत, डिसेंबर १५६३ मध्ये, नन्सवर कडक बंदिवास आला. एकदा व्रत घेतलं की बाहेर पडायचं नाही, बिशपच्या परवानगीशिवाय बाहेरच्यांनी आत यायचं नाही. नातेवाईकांशी बोलायचं ते लोखंडी जाळीतून. पुढच्या काही वर्षांत इटलीभर मठांच्या खिडक्या बुजवल्या, भिंती उंच केल्या. मठांची देवळं, म्हणजे चर्च, तर दोन भागांत विभागलेली, पुढचा भाग लोकांसाठी, मागचा नन्ससाठी, मध्ये भिंत. मिलानमधलं सान माउरित्सियो हे असं देऊळ अजून जसंच्या तसं आहे, त्याचे फोटो बघा, भिंत जमिनीपासून उभी आहे पण वरच्या घुमटीपर्यंत पोचतच नाही, वर मोकळं आहे. नन्सच्या बाजूला १५५४ चा ऑर्गन आहे, आन्तेन्याती घराण्याने बनवलेला.

म्हणजे माणूस जाऊ शकत नाही, नजर जाऊ शकत नाही, आवाज मात्र वरून सरळ पलीकडे. लोक या बाजूला बसायचे आणि पलीकडून गाणं यायचं, कोण गातंय दिसायचं नाही. मिलानला आलेले परदेशी पाहुणे मुद्दाम सांता रादेगोंदाला जायचे म्हणे गाणं ऐकायला, गर्दी व्हायची. आणि बिशप लोकांना हीच काळजी, की हे लोक प्रार्थनेला येतात की मैफलीला? मिलानमध्ये फेदेरिको बोर्रोमेओ आर्चबिशप होते तोपर्यंत त्यांनी नन्सच्या गाण्याला पाठिंबा दिला, आणि नंतरच्या लित्ता नावाच्या आर्चबिशपने ते आवरायचा जंग जंग प्रयत्न केला. गाणं तेच, मठ तोच, वर बसलेला माणूस बदलला की नियम बदलला.

खर्जाकडे येते. पहिला उपाय सगळ्यात सोपा, आपण रोज करतो तोच. पुरुषांचं भजन काळी एकला असतं, आम्ही तेच काळी चारला गातो, पाच सूर वर. त्या नन्स पण छापील पुस्तकातली रचना चार-पाच सूर वर उचलून गायच्या, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज सुद्धा जाड गळ्याच्या बाईच्या टप्प्यात यायचा. दुसरा उपाय, खालचा भाग एक सप्तक वर गायचा आणि खरा खर्ज ऑर्गनवर सोडायचा. तिसरा मला सगळ्यात आवडला, खर्जाला वाद्य ठेवायचं आणि ते वाजवायला बाईच बसवायची. मोदेनाच्या सुल्पित्सिया चेझिस नावाच्या ननचं १६१९ चं पुस्तक आहे, बारा आवाजांपर्यंतच्या रचना आहेत त्यात, आणि कुठे ट्रॉम्बोन, कुठे व्हायोलोन म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य, असं चक्क छापलेलं आहे. ट्रॉम्बोन! आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये सुद्धा तो बाईच्या हातात मी आजवर नाही पाहिला. स्पेनमध्ये तर मठांना 'बाहोन' वाजवणारी बाई हवी असायची, बाहोन म्हणजे लाकडी, लांब, फुंकून वाजवायचं खर्जाचं वाद्य, आणि ते येणाऱ्या मुलीला हुंडा माफ. आणि चौथं म्हणजे काही बायकांचे गळे मुळातच खोल असतात. व्हेनिसच्या पिएता या अनाथ मुलींच्या संस्थेत, जिथे संगीतकार व्हिवाल्दी शिकवायचा, तिथे अशा मुलींना ओळखायचेच 'तेनोर' नाहीतर 'बासो' अशा पुरुषी आवाजांच्या नावांनी. तो मठ नव्हता, पण अडचण तीच आणि उत्तरही तेच. आमच्या मंडळातल्या माई बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांचा आवाज इतका खाली जातो की फोनवर लोक त्यांना काका म्हणतात. आजवर त्या भजनात हळूच गायच्या, दबून. आता मी त्यांना पेटीशेजारी बसवते आणि खालचा सा धरायला सांगते.

एक प्रसंग वाचून मी तो भाचीला दोनदा सांगितला. इटलीतल्या फेरारा गावी सान व्हितो नावाचा ऑगस्टिनियन नन्सचा मठ होता. एर्कोले बोत्रिगारी नावाच्या संगीत जाणणाऱ्या माणसाने १५९४ च्या पुस्तकात तिथल्या गाण्याचं वर्णन केलंय. लांबलचक टेबल, एका टोकाला मोठा हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य. तेवीस नन्स एकेक करून येतात, पावलांचा आवाज नाही, आपापलं वाद्य घेऊन जागेवर बसतात किंवा उभ्या राहतात, कोणाकडे व्हायोलिन, कोणाकडे वीणेसारखं हार्प, ल्यूट, बासरी, कॉर्नेट, ट्रॉम्बोन. मग त्यांची प्रमुख टेबलाच्या एका टोकाला येऊन बसते, तिच्या हातात लांब, बारीक, गुळगुळीत केलेली काठी. सगळ्या तयार आहेत हे बघून ती काठीने खूण करते, आवाज न करता, आणि मग त्याच काठीने लय दाखवत राहते. हातात काठी घेऊन वाद्यवृंद चालवायची ही नोंद फार जुन्या नोंदींपैकी आहे, आणि ती काठी बाईच्या हातात आहे. तिचं नाव राफाएला आलेओत्ती. १५९३ मध्ये तिच्या धार्मिक रचनांचं पुस्तक व्हेनिसला छापलं गेलं, बाईने रचलेलं असं छापील चर्चसंगीत त्याआधीचं माहीत नाही.

भाची म्हणाली, "तेवीसजणी! आणि वाद्यं त्यांचीच?" म्हटलं हो, वाद्यं त्यांचीच, शिकवायची पण आपापसांत, कारण बाहेरचा मास्तर आत येऊ शकत नाही.

पण सगळीकडे असं नव्हतं. बोलोन्याची लुक्रेत्सिया ओर्सिना वित्साना, हिच्याबद्दल लिहिताना मला खरंच जड जातंय. १५९० चा जन्म, आई गेली म्हणून आठव्या वर्षी तिला बहिणीबरोबर सांता क्रिस्तिना मठात आणून सोडलं. आठव्या वर्षी. आमच्या तिसरीच्या वर्गातली मुलगी डोळ्यांपुढे आणा. ती तिथेच वाढली, तिथेच गाणं शिकली, आणि १६२३ मध्ये तिच्या वीस मोतेतचं, म्हणजे लॅटिन धार्मिक गाण्यांचं, पुस्तक आलं, बहुतेक एक-दोन आवाजांच्या लहान लहान रचना, अगदी जवळ येऊन बोलल्यासारख्या. त्या आधी त्या शहरात आर्चबिशप पालेओत्तींच्या काळापासून नन्सच्या गाण्यावर एकामागून एक निर्बंध आलेले, बाहेरचे गायनशिक्षक बंद, अनेक आवाजांचं गाणं कमी करा, एकटीने ऑर्गनबरोबर गा. नन्स रोमला अर्ज करत राहिल्या. त्यात सांता क्रिस्तिना मठाचा आर्चबिशपशी वाद पेटला तो वर्षानुवर्षं चालला, मठ आतून फाटला, आणि या सगळ्यात वित्सानाचं मन ढळलं. पुढे १६६२ पर्यंत ती जगली, पण दुसरं पुस्तक नाही. बोलोन्याच्या सगळ्या मठांत मिळून जिचं संगीत छापलं गेलं अशी ती एकटीच. तिची एक रचना मी पेटीवर बसवायचा प्रयत्न केला, जमली नाही, त्या सुरांची वळणं आपल्या पेटीच्या पट्ट्यांत नीट बसत नाहीत, पण ती खाली येताना जी थांबते ना मध्येच, तिथे घशात काहीतरी दाटतं.

आमच्यावर कोणी भिंत नाही बांधली. पण मी हे लिहितेय तर हेही लिहिते, की एका गावच्या उत्सव समितीने आम्हाला सप्ताहात भजन करायला बोलावलं आणि वेळ दिली दुपारी अडीचची. रात्रीची पाळी पुरुष मंडळांची. आम्ही विचारलं एक दिवस तरी रात्री द्या, तर म्हणाले वहिनी, रात्री लोक लांबून ऐकायला येतात, पखवाज नाही तुमच्याकडे, रंगणार नाही. खोटं नव्हतं ते. पण पखवाज शिकायला तरी कोणी शिकवलं होतं आम्हाला इतक्या वर्षांत? मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

सगळ्याच नन्सची कहाणी वित्सानासारखी नाही म्हणून हे पण सांगते, नोव्हारा गावची इझाबेला लेओनार्दा १६३६ मध्ये सोळाव्या वर्षी उर्सुलाइन मठात गेली आणि सुमारे दोनशे रचना करून, वीस पुस्तकं देऊन १७०४ मध्ये त्र्याऐंशीची होऊन गेली. १६९३ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, तिने व्हायोलिनच्या सोनाटांचं, म्हणजे गाण्याशिवाय नुसत्या वाद्यांवरच्या रचनांचं, पुस्तक काढलं, बाईच्या नावाने छापलेल्या पहिल्या सोनाटा त्याच. माईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे मला अजून एक वर्ष आहे."

आता पुरुषांच्या मठांबद्दल, कारण ते तर माझ्या दारातच आहेत. रेवदंड्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, आमचं गावच पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटात आहे, नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये कुठे कमान, कुठे भिंत. सातखणी म्हणजे तो उंच मनोरा, लहानपणी आम्ही त्याच्या सावलीत खेळायचो, तो फ्रान्सिस्कन मठाचा. सात मजले होते म्हणून सातखणी, आता वरचे पडलेत. येशूसंघीय, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे साधूंचे वेगवेगळे संघ, सगळ्यांचे मठ होते या एवढ्याशा तटात, वसईतही तसंच. आणि मला पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही प्रश्न पडला नाही की हे लोक इथे दिवसभर करायचे काय? तर गायचे. मठातला दिवस म्हणजे आठ वेळच्या प्रार्थना, मध्यरात्रीनंतरची, पहाटेची, मग सकाळपासून झोपेपर्यंत ठरलेल्या, आणि संत बेनेडिक्टच्या नियमात तर आठवड्यात १५० च्या १५० स्तोत्रं पूर्ण व्हायलाच हवीत. ती म्हणायची पद्धत अशी, की सगळे दोन रांगांत समोरासमोर, एक ओळ या बाजूने, पुढची ओळ त्या बाजूने. दिंडीत टाळकरी जसे समोरासमोर उभे राहून चरण उचलतात, अगदी तसं. ऑर्गन असला तर एक चरण माणसं गाणार, पुढचा चरण फक्त ऑर्गन वाजवणार. पुस्तकं चामड्यावर हाताने लिहिलेली, एवढी मोठी की एका घोडीवर ठेवून अख्ख्या रांगेला लांबून वाचता यावीत. स्पेनमधल्या एस्कोरियल मठात, जिथे हिएरोनिमाइट साधू होते, असे दोनशेहून जास्त ग्रंथ आहेत.

आणि या सगळ्याला बोलावणारी घंटा. ही घंटा तुम्ही ऐकलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिकडच्या चर्चच्या घंटा देवळांना दिल्या. आमच्या जवळची म्हणजे पालीच्या बल्लाळेश्वराची, नाशिकची नारोशंकराची घंटा पण त्यातलीच, आणि वाईजवळ मेणवलीला जी आहे तिच्यावर तर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत, १७०७ साल आहे. पालीला गेल्यावर मी आता ती एकदाच वाजवते आणि नाद संपेपर्यंत थांबते. मागची माणसं ओरडतात, ओरडू देत.

सगळे संघ एकसारखे गात नव्हते बरं का, आणि यावरून त्यांच्यात जोरदार मतभेद होते. कापुचिन साधू म्हणायचे देवापुढे कसले आलाप, एकाच सुरावर सरळ म्हणा. आविलाच्या तेरेसानेही तिच्या कार्मेलाइट नन्सना हेच सांगितलं, एका सुरात म्हणा, चाली लावू नका. आपल्याकडे वारकरी मंडळींत अजून वाद होतो ना, की वीणा-टाळ-मृदंग पुरेत, पेटी कशाला, शास्त्रोक्त ताना कशाला, तोच वाद. दोन्ही बाजूंचं मला पटतं. एका सुरात शंभर माणसं म्हणतात तेव्हा जे होतं ते तानेने होत नाही.

आणि येशूसंघ तर सगळ्यात निराळा. १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने स्वतः गाण्याची आवड असून नियमच केला की आपल्याकडे एकत्र गायच्या प्रार्थना नाहीत. कारण सरळ आहे, दिवसातून आठदा गायला जमायचं तर फिरणार कधी, शिकवणार कधी? पण गंमत बघा, शाळा काढल्या की गाणं आलंच. रोममधल्या त्यांच्या जर्मन कॉलेजात संगीतकार तोमास लुईस दे व्हिक्तोरिया शिकला आणि पुढे शिकवायला लागला, नंतर कारिस्सिमी १६२९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १६७४ पर्यंत, तिथेच संगीत बघायचा. आणि आपल्याकडे फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला उतरला तो रस्त्यावर घंटा वाजवत मुलं गोळा करायचा आणि धर्माचे पाठ त्यांच्याकडून गाऊन घ्यायचा. मग १५७९ मध्ये आला थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, येशूसंघाचाच, आणि त्याने मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये ते रायतूरला छापलं. ज्या संघाने स्वतः गायचं नाही असं ठरवलं होतं त्याच संघाच्या माणसाने आपल्याला गायचं पुराण दिलं, आणि ते कोकणातल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, पिढ्यानपिढ्या म्हटलं गेलं. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी वेगळी, मला माहितीये, पण माझी आजी पहाटे जात्यावर बसायची तेव्हा आळीतून जाणाऱ्याला तिचा आवाज ऐकू यायचा आणि ती कोणाला दिसायची नाही, हे मला हल्ली वारंवार आठवतं.

लोकांच्या भाषेत गायचं हे रोममध्ये फिलिप नेरी नावाच्या पाद्रीनेही केलं. त्याच्या ओरातोरिओ संघाला १५७५ मध्ये मान्यता मिळाली, संध्याकाळी साधी माणसं जमायची, प्रवचन, आणि मध्ये मध्ये लॅटिन नाही तर इटालियनमधली साधी भजनं. ज्या खोलीत हे चालायचं तिच्या नावावरूनच पुढे धार्मिक कथा गाण्यातून सांगायच्या मोठ्या संगीतप्रकाराला ओरातोरिओ म्हणायला लागले. आपल्या गोव्याचा जोसेफ वाझ याच संघाचा, बाणावलीचा माणूस.

पण मला ज्याच्या पाया पडावंसं वाटतं तो लोदोव्हिको व्हियादाना. हाही फ्रान्सिस्कन, सातखणीवाल्यांचाच संघ. १६०२ मध्ये व्हेनिसला त्याचं शंभर रचनांचं पुस्तक आलं आणि प्रस्तावनेत त्याने कारण लिहिलंय. छोट्या ठिकाणी गाणारे असतात दोन किंवा तीन, आणि पुस्तकातल्या रचना पाच, सहा, आठ आवाजांच्या. मग ते त्यातले दोनच आवाज उचलून गातात, मधल्या ओळी गायब, शब्द तुटलेले, ऐकवत नाही. म्हणून त्याने एका, दोन, तीन, चार आवाजांसाठी नव्याने लिहिलं आणि खाली ऑर्गनसाठी एक सलग खर्जाची ओळ दिली, जी कधीच थांबत नाही. गाणारी एकच असली तरी हरकत नाही, खाली आधार आहे. त्या आधी इटलीत असे प्रयोग चालू होते, पण चर्चच्या गाण्याचं असं छापील पुस्तक हे पहिलंच. पुढची दीडशे वर्षं युरोपचं सगळं संगीत त्या खर्जाच्या ओळीवर उभं राहिलं. वित्सानाची एका आवाजाची गाणी, कोत्सोलानीचं सगळं, त्यावरच उभं आहे. माणसं कमी होती म्हणून निघालेली वाट! मला हे वाचून इतका आनंद झाला की मी भर दुपारी कोर्लईला फोन लावला.

खर्जाची तार जाड का, हेही एका साधूनेच सांगितलं. पॅरिसच्या मेर्सेन नावाच्या, मिनिम संघाच्या साधूने १६३६ च्या पुस्तकात तारेचा नियम मांडला, लांबी, ताण आणि वजन यांवर सूर कसा ठरतो तो. तार लांब आणि जड असेल तर सूर खाली, तंबोऱ्याची खर्जाची तार म्हणून जाड. आणि बोलोन्याचे फ्रान्सिस्कन पाद्रे मार्तिनी, ज्यांच्याकडे १७७० मध्ये चौदा वर्षांचा मोझार्ट शिकायला आला, त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

इथलं गाणं १७४० मध्ये थांबलं, रेवदंडा मराठ्यांकडे आला तेव्हा. गोव्यातले मठ १८३५ मध्ये बंद झाले. मागच्या महिन्यात मैत्रीण आली होती तेव्हा आम्ही दोघी वाडीतल्या एका पडक्या कमानीखाली उभ्या राहिलो, तिने लॅटिनमधलं थोडंसं म्हटलं, मी 'जय जय रामकृष्णहरी'. छप्पर नाही, त्यामुळे आवाज फिरून येत नाही, वर जातो आणि जातो. कमानीच्या अगदी आत भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की मात्र थोडासा परत येतो.

मग गेल्या एकादशीला. तटाजवळच्या एका घरी भजन होतं, पाऊस असा की अंगणात पाऊल टाकवेना, लाईट गेलेली, माईक नाही. आम्ही सगळ्या माजघरात समईच्या उजेडात, पुरुष मंडळी बाहेर ओटीवर, मधलं दार नुसतं लोटलेलं. भाचीने कणीक लावली, दोनदा काढून परत लावली. मी पेटीवर काळी चार धरली, माईंनी खालचा सा. रूपाचा अभंग झाला, गजर झाला, तिसऱ्या अभंगाला ठेका दुप्पट झाला तेव्हा बाहेरचं बोलणं बंद पडलेलं माझ्या लक्षात आलं. अभंग संपल्यावर ओटीवरून एका म्हाताऱ्या आजोबांचा आवाज आला, "पखवाजाला कोण आहे?"

घरच्या सूनबाईंनी दार थोडं उघडून सांगितलं, "आमच्या बाईंची भाची. आत या ना आजोबा, ओलं होतंय तिथे."

ते आत आले नाहीत. दार परत लोटलं गेलं, आणि फटीतून मला त्यांचा फक्त गुडघा दिसत होता आणि त्यावर ठेका धरणारी बोटं. भैरवी संपेपर्यंत ती थांबली नाहीत.